मुंबई ते मस्कत, अडीच तास

माझं लग्न मस्कतला ठरत होतं तेव्हा आमच्या पिंगळीत विमानाची सगळ्यात जास्त माहिती मामाला होती. त्यानं विमान पाहिलं होतं, अर्थात खालून. तेवढ्या अनुभवावर तो बाबांना पटवत होता की मुंबई ते मस्कत अडीच तास, म्हणजे स्थळ लांबचं म्हणताच येत नाही. मुंबईपर्यंतचा, मनमाडला गाडी बदलून करायचा प्रवास त्यानं हिशेबात धरलाच नव्हता. तो जमिनीवरचा, त्याचं काय मोजायचं? उलट नामांतराच्या बंदात परभणीची एसटी रस्त्यात अडली होती, विमानाला कोण आडवं जाणार, असं त्यानंच विचारलं.

आईचं घोडं एकाच ठिकाणी अडलं होतं. पंचमीला लेकीला माहेरी आणायला भाऊ जातो, तो मुराळी मस्कतला कसा धाडायचा? मामाकडे उत्तर तयार होतं: विमानानं. माझा भाऊ जन्मात एकदाच जालन्यापुढे गेला होता, पण तो लगेच आरशापुढे केस विंचरायला लागला. मला कुणी काही विचारलं नाही. नवरीला अंतरातलं काय कळतंय.

माझी मोठी बहीण, अक्का, चुलीपाशी भजी तळत होती. तिला पूर्णेला दिलेलं. दाजी रेल्वेत, त्यामुळे पास फुकट. पाहुणे येणार म्हणून ती सकाळच्या गाडीनं आली होती. झारा हातात धरूनच तिनं विचारलं, "मामा, पूर्णा किती लांब हाय?"

"दोन टेशनं," मामा खुशीत म्हणाला.

"तीन पंचम्या झाल्या, भाऊ येतो आन् चहा पिऊन माघारी जातो. सासूबाई सोडीनात. मला तर विमानबी लागत न्हाई. तासाचं ऱ्हाऊ द्या, ते लोक पोरीला धाडतील का, तेवढं इचारा."

मामाला एकदम पान खायची आठवण झाली. बाबा उपरणं झटकत बसले.

दुपारी पाहुण्यांनी भजी खाल्ली. मामानं पुन्हा अडीच तासांचं पालुपद लावलं, मुलाच्या वडिलांनी मान डोलावली. धाडण्याचा विषय काही निघेना. शेवटी त्यांच्यापुढे चहाचा कप करत मीच विचारलं, "पंचमीला मला माहेरी धाडाल ना?" रागच आला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाबांना म्हणाले, "पोरगी लय बोलायलीय." चहा मात्र संपवला, आणि मगच स्थळ मोडलं.

आईला हायसं वाटलं. "बरं झालं," ती म्हणाली, "लय लांब पडलं असतं."

अक्का तेव्हा उंबऱ्याशी चप्पल घालत होती. सासूनं मुक्कामाची परवानगी दिली नव्हती, संध्याकाळची पॅसेंजर गाठायची होती. तिनं नुसतं वळून आईकडे पाहिलं. आईनं पदर तोंडाला लावला, आणि तिला पोचवायला स्टेशनपर्यंतसुद्धा गेली नाही.