बापूचा नारळ आणि चिपळूणचा प्रोफेसर

ज्या मंडळीत प्रत्येकाला काहीतरी लपवायचं असतं, तिथे किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साठतात. आमचं रत्नागिरीचं जादूगार मंडळ तसंच होतं. मंडळ म्हणजे तिघंच! शाळामास्तर बापू जोगळेकर, मच्छीमारी होडीचा तांडेल सखाराम मयेकर आणि दवाखान्यात कंपाउंडर असलेला मी. ते दिवस आगबोटीचे आणि गॅसबत्तीचे. नाटक कंपनी गावात नसली की लोक आमच्यावर भागवायचे.

आमच्यातला हुकमाचा एक्का बापू. प्रेक्षकाची अंगठी रुमालात गुंडाळून नाहीशी करायची आणि सगळ्यांदेखत फोडलेल्या नारळातून काढून द्यायची, हा त्याचा खेळ. तो त्याने स्वतः शोधलेला. आम्हालासुद्धा त्याने कधी सांगितला नाही.

आम्ही सखारामच्या पडवीत जमायचो, तेही भिंतीला पाठ लावून. न जाणो, मागून कोणी हात बघितला तर! सखारामची बायको चहा घेऊन आली की विचारायची, "जादूगार बसलेत, की पोलिसांनी धरून बसवलेत?"

*

बापूचा वैरी एकच, चिपळूणचा प्रोफेसर धामणकर. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं, पण तेव्हा काळा कोट घालून पत्ते पिसले की माणूस प्रोफेसर व्हायचा! हा बापूच्या प्रत्येक खेळाला हजर. डोळे मिटतसुद्धा नसे.

म्हणून बापू बाजारात उगाचच गंधक आणि मोरपिसं मागायचा. दुकानदार विचारी, "नारळाच्या खेळाला का?" बापू नुसता गालात हसायचा. बातमी चिपळूणला पोचली. पुढे तिकडून आलेला एक गृहस्थ सांगत होता, "प्रोफेसरच्या आळीत काय वास सुटलाय हो! शेजारी घर बदलायच्या गोष्टी करतायत."

*

एकदा बापूच्या टाचेला कुरूप झालं होतं. खेळ ठरलेला, म्हणून तो स्टेजवर लंगडत लंगडत फिरला. पुढच्याच महिन्यात आम्ही धामणकरचा खेळ बघायला चिपळूणला गेलो. त्याने नारळ हातात घेतला आणि धडधाकट माणूस लंगडायला लागला!

सखारामने कपाळावर हात मारला. "बापू, मेल्यान तुमचं लंगडणंपण चोरलान!"

नारळ फुटला. आत खोबरं होतं.

*

तरी बापूची झोप उडाली. आज ना उद्या याला जमेल, ही धास्ती. तो मला घेऊन आमच्या परांजपे वकिलांकडे गेला. वकीलसाहेब म्हणाले, "हक्क सांगायचा तर खेळ कसा होतो ते आधी मला सांगावं लागेल. मग कोर्टात सांगावं लागेल."

"म्हणजे कारकून ऐकणार?"

"कारकून, पट्टेवाला, सगळेच."

बापू टोपी घालून उठला. "एका चोरासाठी अख्ख्या कोर्टाला कुठे शिकवत बसू!"

घरी येताना मात्र तो म्हणाला, "अरे, माझे बाकीचे सगळे खेळ कोणाचे तरी उष्टे आहेत. हा एकच माझ्या घरचा. हाही गेला तर माझं काय राहिलं?" मला फार वाईट वाटलं.

*

बापूच्या घरी वहिनींनाही त्याने खेळाचा पत्ता लागू दिला नव्हता. एका खेळाच्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, ह्यातला आमटीचा नारळ कुठला आणि तुमचा कुठला?"

वेगळा दाखवला तर संशय येणार! बापू म्हणाला, "सगळे आमटीचेच."

वहिनींनी नेमका तोच फोडला. संध्याकाळी बापूने नुसत्या पत्त्यांवर वेळ मारून नेली. आम्ही विचारलं, "आमटी कशी होती?"

"उत्तम," बापू म्हणाला. "पण असली महागाची आमटी पुन्हा नको."

*

आणि मग धामणकर थेट रत्नागिरीत आला. सर्व्हिस मोटारीतून पेट्या उतरल्या, गावभर हँडबिलं वाटली गेली. 'नारळातील अंगठी, प्रोफेसरांचा स्वतःचा शोध!' बापू ते वाचून जेवला नाही. संध्याकाळी कापडी पिशवी घेऊन आमच्यासोबत मांडवात पहिल्या रांगेत येऊन बसला.

धामणकरने परांजपे वकिलांची अंगठी मागून घेतली. रुमालात गुंडाळली, रुमाल झटकला. अंगठी नाहीशी. टाळ्या! मग आमच्याकडे बघून मिशीत हसत त्याने नारळ फोडला.

आत पाणी आणि खोबरं.

त्याने दोन्ही भकलं उलटी करून पाहिली. मग खिसे चाचपले, बाह्या झटकल्या, टेबलाखाली वाकला. कपाळावर घाम आला. अंगठी खरंच कुठे नव्हती! मागून शिट्ट्या सुरू झाल्या. वकीलसाहेब उभे राहिले. "अहो प्रोफेसर, लग्नातली अंगठी आहे ती! घरी काय सांगू?"

आता एक गोष्ट मी शपथेवर सांगतो. बापू माझ्या आणि सखारामच्या मध्ये बसला होता आणि आल्यापासून खुर्चीवरून हललासुद्धा नव्हता.

त्याने शांतपणे पिशवीत हात घातला, एक नारळ काढला आणि वकीलसाहेबांच्या हातात दिला. "तुम्हीच फोडा."

वकीलसाहेबांनी मांडवाच्या दगडावर नारळ आपटला. अंगठी टणकन खाली पडली! त्यांनी ती बोटात घालून पाहिली, त्यांचीच!

बापू स्टेजकडे वळला आणि धामणकरला हात जोडून म्हणाला, "प्रोफेसर, तिच्यावर रागावू नका. तिला माझ्याच नारळाची सवय आहे."