खुर्शीदभाऊंचे जवाब

भद्रावतीच्या कारखान्याच्या कॉलनीतले निम्मे पुरुष खुर्शीदभाऊंनी शिवलेल्या पँटी घालून म्हातारे झाले. टेलर तर ते चांगलेच, पण त्यांची खरी ख्याती जवाबाची. दुकानासमोरून सलाम करत गेलेला माणूस जवाबाशिवाय पुढे गेला, असं कधी झालं नाही. दारी आलेल्या बटणवाल्या एजंटालाही पाणी मिळायचं, माल घ्यायचा असो वा नसो. कोणी साद घालावी आणि आपण गप्प बसावं, हे त्यांच्या लेखी पापच.

त्यांच्या मुलीनं, शाजियानं, मोबाइलवर ईमेल काढून दिलं ते रामाजीसाठी. रामाजी कारखान्यातून सुटला की थेट दुकानात यायचा आणि बाकावर बसून शिवलेल्या कपड्यांचे कच्चे दोरे ओढत गप्पा मारायचा. त्या संध्याकाळी आठवल्या की भाऊंचा पाय आजही मशीनवर थबकतो. रिटायर होऊन रामाजी मुलाकडे पुण्याला गेला, वयानं कान गेले आणि फोनवरचं बोलणं संपलं. मग नातवाच्या कॉम्प्युटरवर मोठ्ठी अक्षरं करून तो लिहू लागला.

पण त्या ईमेलच्या डब्यात इतरही घुसले. लॉटरीवाले, कर्जवाले, टकलावर केस उगवून देणारे. भाऊ बसले एकेकाला जवाब लिहीत. लॉटरीवाल्याला शुक्रिया कळवून लिहिलं की मी तिकीट काढलंच नव्हतं, ज्यानं काढलं असेल त्याला द्या. मारिया नावाच्या कोण्या बाईनं ‘कसे आहात’ विचारलं, तर बायकोच्या गुडघेदुखीपर्यंत सारं कळवलं. जवाब जाई तशी आणखी पत्रं टपकत. भाऊंना वाटे, दुनियेत माणुसकी शिल्लक आहे.

या हिवाळ्यात मात्र रामाजी गप्प झाला. भाऊंनी दोनदा लिहिलं, उत्तर नाही. रुसला की गेला, या विचारानं ते दिवसातून दहादा मोबाइल उघडून बघत.

शाजिया माहेरी आली, तेव्हा तिनं डबा पाहिला. काठोकाठ भरलेला. आत काही येईना, बाहेर काही जाईना. तिनं समजावलं, अब्बा, जवाब दिला की त्यांना कळतं आत कोणीतरी आहे, मग सगळेच इथं तुटून पडतात. ती एकेकाला स्पॅममध्ये ढकलून, मग पुसून टाकून डबा रिकामा करू लागली. मारियाची पाळी आली तसा भाऊंनी तिचा हात धरला, मग सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी रामाजीचं पत्र आलं.

‘खुर्शीद, तुले लिहिलेलं सारं वापस येऊन राह्यलं. माहं काई चुकलं असंन तर सांग. नाईतर हे शेवटचं.’

भाऊंना रडू फुटलं. साऱ्या जगाला जवाब देत बसलेल्या माणसानं एकट्या रामाजीलाच जवाबाविना ठेवलं होतं. ते बाकावर रामाजीच्या जागी बसले आणि एकेक अक्षर शोधत लिहू लागले.

‘चुकी तुही नाई, माही हाय. भलत्याच लोकाइनं घर भरलं अन् तुलेच जागा नाई उरली. आता बाक खाली हाय. कच्चे दोरे मी एकटाच ओढून राह्यलो. ये.’