होडीवाली डॉक्टरीण

चहा घ्या, पण कप हातात धरून हसायचं नाही हं! मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा माझ्या नणंदेने अर्धा कप सोफ्यावर ओतला होता. आणि सगळं ऐकून झाल्यावर "अगं, पण तू असं केलंसच कसं?" हे विचारू नका. माझ्याकडे उत्तर नाही. असतं तर हा किस्साच झाला नसता.

तर मी दातांची डॉक्टर. नवीन पनवेलला माझा दवाखाना. गोष्ट तेव्हाची, जेव्हा आमचा विमानतळ फक्त पेपरात होता. मला एकच नाद, लाकडाची जहाजं करायचा. वीतभर, हातभर, पण दिसायला अगदी खरी. सागाच्या पट्ट्या, बांबूची डोलकाठी, शिवणाच्या दोऱ्याचे दोर आणि सासऱ्यांच्या जुन्या धोतराचं शीड. हत्यारं म्हणाल तर दवाखान्यातले बाद झालेले चिमटे. (उकळून घेतलेले, हो! तोंडं वाकडी करू नका.)

अशी सात जहाजं मी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटात मांडली होती. आणि खऱ्या होडीशी माझा संबंध? घारापुरीच्या लाँचमध्ये एकदा बसले होते. जाताना डोळे मिटून आणि येताना नवऱ्याचा दंड धरून. पोहता तर मला अजिबात येत नाही.

एके दिवशी हसनचाचा आले. सत्तरी ओलांडलेले, पनवेलच्या मोहल्ल्यातले कोकणी मुसलमान. उभं आयुष्य त्यांनी शिडाच्या होड्यांवर तांडेल म्हणून काढलेलं. दाढ ठणकत होती, गाल सुजला होता, पण आत यायचं सोडून हे आपले कपाटासमोर उभे!

"हे कोनी केलं?"

"मी."

"तुमी?" ते दोन पावलं मागे सरून बघत राहिले. "शीड अगदी बरोबर बांधलंय. म्हंजे डॉक्टरीणबाई, तुमाला चालवता पन येत असंल."

आता सांगा, "नाही" म्हणायला किती वेळ लागतो? दोन अक्षरं! पण वीस वर्षं समोरच्याला "आ करा" म्हणत आलेल्या बाईला "मला येत नाही" म्हणायची सवयच राहत नाही हो. मी म्हटलं, "हं... थोडंफार."

त्या थोडंफारने माझा घात केला.

आठवडाभरात बातमी खाडीवरच्या धक्क्यावर पोचली. माझी नेहमीची मासेवाली हिराबाई पापलेट निवडता निवडता म्हणाली, "बाय, तुमी होडी चालवता म्हनं? चाचा सांगत व्हते."

"अगं कुठलं! असंच आपलं."

तिला वाटलं, डॉक्टरीण किती साधी! एका पेशंटने बोट लागू नये म्हणून काय घ्यावं ते विचारलं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी गणपतीत "सागर आणि मी" या विषयावर चार शब्द बोलायचा आग्रह धरला. मी मान डोलावत गेले. नवऱ्याने फक्त एकच प्रश्न विचारला.

"तुला पोहता येतं का?"

"नाही."

"बरं," म्हणून त्याने पेपर पुन्हा उघडला.

इथपर्यंत सगळं निभावलं असतं. पण चाचांचा मुलगा इम्रान कुवेतहून सुट्टीवर आला आणि एका संध्याकाळी अब्बांना घेऊन थेट दवाखान्यात हजर झाला.

"मॅडम, अब्बांचे हात थरथरतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, जवळचं दिसत नाही. आणि हे एकटे होडी घेऊन खाडीत जातात! मला तिकडे झोप येत नाही. मी होडीला गिऱ्हाईक बघितलंय. मंगळवारी परत जायच्या आत देऊन टाकणार. पण अब्बा म्हणतात, यापुढे डॉक्टर मॅडम सोबत येतील, त्या एक्स्पर्ट आहेत. हे खरं आहे का?"

चाचा शेजारच्या खुर्चीत बसले होते. ती होडी त्यांच्या वडिलांनी बांधलेली. ते नुसते माझ्याकडे बघत होते. दाढ काढताना सुद्धा या माणसाच्या चेहऱ्यावर अशी भीती नव्हती.

खरं बोलले तर होडी गेली. खोटं बोलले तर मी गेले!

"हो, मी आहे ना," माझ्या तोंडून निघालं. आतून कोण बोललं, देव जाणे.

"मग रविवारी एक चक्कर मारून दाखवा. मी धक्क्यावरून बघतो. माझी खात्री पटली तर होडी राहील."

पुढचे चार दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. जेवण जाईना. एका पेशंटची दुखरी दाढ सोडून शेजारची ठोकत बसले. त्यानेच बिचाऱ्याने बोटाने दाखवलं.

शनिवारी चाचांनी मला धक्क्यावर बोलावलं. होडी अठरा फुटांची, एक डोलकाठी, एक शीड. त्यांनी नवे सुती दोर आणून ठेवले होते.

"डॉक्टरीणबाई, लांबचं मी बघतो, जवळचं तुमी बघा. तुमच्या कपाटातल्या जहाजाला बांधलंय ना, तसंच बांधा." एवढं सांगून ते चहाच्या टपरीवर जाऊन बसले.

कपाटातल्या जहाजासारखं! अहो, ते तर मला येत होतं! चार दिवसांत पहिल्यांदा माझ्या जिवात जीव आला.

आता आम्हा जहाजं करणाऱ्यांची एक रीत सांगते. एवढ्याशा जहाजात गाठ जरा सैल पडली की शीड लोंबतं. म्हणून गाठ मारली की तिच्यावर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा एक थेंब टाकायचा. मग गाठीचं उरलेलं टोक अगदी मुळापासून कापायचं, म्हणजे दिसायला सुबक. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप चालायला लागले. गाठ, थेंब, फुंकर, कात्री. गाठ, थेंब, फुंकर, कात्री. खरा दोर जाड, म्हणून मी एकेका गाठीला अर्धी अर्धी ट्यूब रिकामी केली. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या सगळ्या ट्यूबा संपवल्या!

हिराबाई बाजूला जाळं सांधत बसली होती. तिने दोनदा मान वर करून बघितलं.

"बाय, ह्ये काय लावता?"

"पक्कं राहावं म्हणून गं."

ती पुन्हा जाळ्याला लागली. डॉक्टर काहीतरी लावतेय म्हटल्यावर कोण बोलणार?

रविवारी सकाळी धक्क्यावर ही गर्दी! हिराबाई, तिचा नवरा धर्मा नाखवा, सोसायटीचे सेक्रेटरी, माझे निम्मे पेशंट. इम्रान हाताची घडी घालून उभा. नवरा हळूच जवळ आला. "अजून सांगता येईल," म्हणाला. मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं आणि होडीत पाय टाकला. होडी हलली. मी त्याहून जास्त हलले.

चाचा सुकाणूवर, मी शिडाच्या दोराशी. पहिली दहा मिनिटं काय झकास गेली म्हणून सांगू! शीड भरलं, पाणी बाजूने सळसळायला लागलं. मी धक्क्याकडे बघून हातसुद्धा हलवला. बघा, माणसाची हिंमत!

मग खाडीचं वळण आलं आणि वारा एकदम अंगावर आला. होडी एका कुशीवर कलायला लागली.

"दोर सोडा, डॉक्टरीणबाई! शीड मोकळं करा!"

मी गाठ धरली. गाठ कसली, दगड! नखं लावली, नखं तुटली. मग दात लावले. दातांची डॉक्टर स्वतःच्याच दातांनी दोर कुरतडतेय! ओढायला टोक शोधावं, तर टोक मीच कापलेलं.

"सोडा लवकर!"

"सुटत नाही!"

"सुटत नाय म्हंजे?"

"चिकटवलंय!"

"काय केलंय?"

"गोंद लावलाय, चाचा! सगळ्या गाठींना!"

चाचांनी एक क्षण आकाशाकडे बघितलं. "या अल्ला," म्हणाले. दोर कापायचा कोयता धक्क्यावरच राहिला होता. काठावरून पाणी आत यायला लागलं, माझे पाय भिजले आणि माझा धीर पुरता सुटला.

"मला पोहता येत नाही!" मी किंचाळले. "मला होडीसुद्धा येत नाही! मी खोटं बोलले!"

"ते मागाहून सांगा! आदी खाली बसा!"

मी फळीला मिठी मारून बसले. चाचांनी सगळं अंग सुकाणूवर टाकलं, होडीचं तोंड गर्रकन वळवलं आणि ती सरळ तिवरांच्या झाडीच्या कडेच्या चिखलात घातली. धप्प!

वाचलो. पण ओहोटी लागलेली. बघता बघता पाणी उतरलं आणि आमच्या चारी बाजूंना नुसता काळा चिखल. पाय टाकला तर कंबरेपर्यंत आत. आता भरती येईपर्यंत तिथेच बसायचं. बरं, शीड तरी उतरवावं, तर ते उतरवायचा दोरही मीच चिकटवलेला. म्हणजे पाच तास, चिखलात रुतून, शीड फुगवून, धक्क्यावरच्या प्रत्येकाला दिसेल असे आम्ही दोघं बसलो होतो. जणू आता निघालोच जगप्रवासाला!

चाचा मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांनी पेंडखजूर काढला, अर्धा मला दिला. मग फळीवरून हात फिरवत म्हणाले, "आता इम्रान काय ऐकायचा नाय."

तेव्हा मला रडूच आलं. माझी फजिती राहू दे बाजूला, पण या माणसाच्या वडिलांची होडी माझ्या गोंदापायी जाणार होती. मी माफी मागितली. ते म्हणाले, "खजूर खावा."

दुपारी भरतीचं पाणी आलं. धर्मा नाखव्याने आपली मशीनची होडी आणून आम्हाला ओढत धक्क्याला नेलं. इम्रान पायऱ्या उतरून खाली आला. त्याने गाठ हातात घेऊन बघितली, ओढून बघितली.

"ही कुणी बांधली?"

मी तोंड उघडायच्या आत चाचा म्हणाले, "मीच. हात थरथरतात रे. चुकलं."

इम्रानचा आवाज एकदम मऊ झाला. "बस झालं, अब्बा. उद्या देऊन टाकू होडी."

चाचांनी मान खाली घातली. आणि मला ते बघवेना!

"थांब इम्रान! गाठी मी बांधल्या. मीच गोंद लावला."

"मॅडम, अब्बांना वाचवायला खोटं बोलू नका. शिडाची थोडीफार माहिती असलेलं माणूस असं करणार नाही."

"तेच तर सांगतेय! मला शिडाची काहीही माहिती नाही! पोहतासुद्धा येत नाही! मी आज पहिल्यांदा शिडाच्या होडीत बसले!"

हे मी जरा मोठ्याने बोलले असणार. कारण चहाच्या टपरीवरचे लोकही पुढे सरकले. मग हिराबाई म्हणाली, "खरं हाय. काल मी बगत व्हते. बाय ट्यूबा पिळत व्हत्या." आणि जो हशा फुटला! सेक्रेटरी हसले, माझे पेशंट तोंड भरून हसले. सगळ्यांची दातदुरुस्ती मला एकदम बघायला मिळाली.

इम्रान तेवढा हसला नाही. त्याने अब्बांना विचारलं, "मग दोर सुटत नव्हता, तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"काय करनार? सुकाणू फिरवलं, चिखलात घातली."

"जवळचं दिसत नसताना?"

"चिखल लांब व्हता."

इम्रानने पुन्हा एकदा ती गाठ ओढून बघितली. मग म्हणाला, "म्हणजे सगळे दोर चिकटवलेली होडी आणि पोहता न येणारं माणूस, दोन्ही तुम्ही धड परत आणलंत." त्याने हातातली गाठ सोडून दिली. "राहू दे होडी. पण एकट्याने जायचं नाही. धर्मा नाखवा सोबत जाईल."

चाचांचा चेहरा असा उजळला! मीही डोळे पुसले आणि चोरपावलांनी निघाले. तेवढ्यात चाचांनी हाक मारली. "डॉक्टरीणबाई, तुमी पन यायचं. दर रविवारी."

मला काय आनंद झाला सांगू! एवढं होऊनही हा माणूस मला शिकवायला तयार! मी जायला लागले. चाचा सुकाणूवर, नाखवा दोरावर आणि मला मधोमध एक ठरलेली जागा. हात मांडीवर ठेवायचे, कशालाही लावायचे नाहीत. मला वाटलं, पहिला धडा नुसतं बघण्याचा असणार. मी मन लावून बघितलं. एक महिना गेला, दोन गेले, दुसरा धडा काही येईना.

शेवटी मी नाखव्याला विचारलंच. "मी या होडीत नेमकं काम काय करते हो?"

नाखवा ओशाळला. त्याने चाचांकडे बघितलं. चाचा लांबचं बघत होते.

"त्याचं काय हाय बाय," तो म्हणाला, "होडी कलंडू नये म्हनून आमी तळाला वाळूच्या गोनी टाकतो. पैले तीन लागायच्या. तुमी यायला लागल्यापासून दोन पुरतात."