गाणं आलं की कड्या लागत

"आनंद हाय बाप्पा!" दुखण्याच्या घरात पाऊल टाकताना नर्सबाई हे म्हणायच्याच. आत माणूस पटकीनं गळून गेलेला असो, की अंगभर देवी फुटलेल्या असोत. म्हणायच्या आणि प्रभूचं भजन गुणगुणत कामाला लागायच्या.

तुम्ही तेव्हा दिग्रसला आमच्या गल्लीत राहत असता, तर तुम्हीही दार लावून घेतलं असतं. बाई ज्या घरात जात, तिथून त्या वर्षांत बरेचदा तिरडी निघे. लोकांनी त्याचा उलटाच अर्थ लावला. बाईंचं गाणं आलं की मरण येतं, असं बायामाणसं सरळ बोलू लागली. लांबून सूर आला की कड्या धडाधड लागत.

मी शाळामास्तर, चार बुकं शिकलेला. तरी गल्लीच्या वतीनं सांगायला मीच गेलो.

"बाई, आमच्या गल्लीत तेवढं गाऊ नका."

त्यांनी छत्री मिटली. "लोकं भेतात काय, मास्तर?"

"हो."

"बरं. नाही गात." आणि हसल्या. मला हायसं वाटलं, याची आज लाज वाटते.

पुढच्याच महिन्यात माझ्या बायकोला देवी आल्या. घरात देवी आल्याची खूण म्हणून दाराला कडुनिंबाचा डहाळा लागला, शेजार तुटला. बाई मात्र रोज यायच्या. डहाळा अलगद बाजूला करायच्या, जाताना नीट लावायच्या. दिलेल्या शब्दाप्रमाणे गप्प. ती शांतता मला खायला उठे.

"एवढा आनंद आणता कुठून, बाई?" न राहवून मी एकदा विचारलं.

"नवरा अन् दोन लेकरं एका हप्त्यात पटकीनं गेली, मास्तर. तिघाईले मातीत ठेवलं तवा वाटलं, आता गाणं गेलं. चवथ्या दिवशी प्रार्थनेले बसली, तं आपोआप तोंडातून निघालं. प्रभूनं तेवढं परत नेलं नाही."

नवव्या दिवशी बायकोचे डोळे सुजून मिटले. अंगाला हात लागताच ती दचकली.

"कोण हाय?"

"मी हाय बाई, नर्स."

"मंग गात काहून नाही? मले वाटलं, यमच बसला हाय उशाशी."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"गा, बाई," मी म्हणालो.

त्या गायल्या. बाहेर एकेक कडी लागत गेली, ती आम्ही तिघांनी ऐकली. बायकोला झोप लागली. एक डोळा गेला, पण ती वाचली.

पुढं फुलसावंगी गावात पटकीची साथ आली. बाई बसमध्ये चढल्या, पोचवायला आलेल्या मला खिडकीतून म्हणाल्या, "आनंद हाय बाप्पा!" शेजारचा माणूस उठून मागच्या बाकावर गेला. पंधरा दिवसांनी कळलं, आजाऱ्यांचं करता करता त्याच आजारानं त्याही गेल्या.

तांदूळ निवडताना बायको आता तेच भजन गुणगुणते. गल्लीत कुठंतरी कडी लागते. माझ्याही छातीत धस्स होतं. मग मी उठतो आणि आमचं दार सताड उघडतो.