ताईच्या सहीचा माल

"हे सही कोनं केली? बोल ना बे! आता काहून गप बसला?"

ताई एवढ्या जोरात ओरडली की अंगणात ताडपत्रीवर वाळत घातलेल्या सोयाबीनवरच्या चिमण्या उडाल्या, त्या थेट मेडशी गावालाच जाऊन बसल्या असतील. केनवडची भरदुपार. माझ्या हातात चहाची बशी आणि तिच्या हातात माझ्याच बॅगेतून काढून मी हौसेनं दाखवलेलं एक पिवळं कार्ड. कार्ड कोरं होतं. खाली फक्त सही होती. तिची.

ताई सख्खी नव्हे. लष्कराच्या डेपोत आम्ही वीस वर्षं एका टेबलावर होतो. मी पॅराशूटच्या घड्या घालायचो, ती तपासायची. ते टेबल एवढं लांब होतं की या टोकाला हाक मारली तर त्या टोकाला जेवणाच्या सुट्टीत ऐकू जायची. घडी सरकू नये म्हणून तिच्यावर वजनाच्या पिशव्या ठेवाव्या लागतात. आमच्याकडे सहा होत्या. लाल कापडाच्या, आत छर्रे भरलेल्या, ताईनं स्वतः शिवलेल्या. घडी झाली की ती डोळे मिटून कापडावरून तळहात फिरवायची. मग कात्री, हूक, पिशव्या, सगळं टेबलावर मोजायची. मोजल्यावरच कार्डावर सही आणि कार्ड त्या पॅराशूटच्या गठ्ठ्याच्या खिशात. कारण एखादी वस्तू घडीत राहिली, तर उडी मारणाऱ्याच्या डोक्यावर छत्री उघडत नाही. नुसती गुंडाळी खाली येते, माणसासकट.

तिच्या सहीचा गठ्ठा पुढं कोणी उघडून बघत नसे. मोठ्या साहेबांचीही छाती नव्हती.

मग हुकूम आला. आमचा विभाग दूर, दुसऱ्या गावी हलवायचा. यायचं तर या, नाहीतर लवकर रिटायर व्हा. ताईची सासू अंथरुणावर, पोरगी बारावीला. ती रिटायर होऊन सासरी केनवडला आली. कोणी मानोऱ्याकडं शेतीला लागला, कोणी वाशिमला दुकान टाकलं. ट्रकांत टेबल गेलं, पंखे गेले, लाल पिशव्या गेल्या, ताईची खुर्चीसुद्धा गेली. जुन्या माणसांपैकी मात्र मी एकटाच गेलो. मी काय, मोकळा गडी.

तिथं पोरं नवीन, पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगवर आलेली. घड्या बऱ्या घालायची, पण सही करायला एकाचाही हात धजेना. गठ्ठे छताला लागले. छताला काय, छत फोडून ढगात गेले म्हणा. वरून फोन यायचे, की तिकडं जवान उड्या मारायचे थांबलेत, माल कुठाय? शेवटी एका दुपारी मी एका कार्डावर ताईची सही ठोकली. वीस वर्षं बघितलेली सही, डोळे झाकूनही जमली असती. गठ्ठा गेला. कोणी उघडला नाही.

एकदाच केली. आईशप्पथ एकदाच.

दुसऱ्या दिवशी तशीच सही आणखी तीन कार्डांवर दिसली. मग रोज. मी कोणाला विचारलं नाही, कोणी मला विचारलं नाही. उंच खोलीत वाळायला टांगलेली पॅराशूटं वारा नसताना जरा फुगायची आणि बसायची, श्वास घेतल्यासारखी. ताईच्या रिकाम्या खुर्चीच्या गादीवर खळगा असायचा, आत्ताच कोणी उठल्यासारखा. मी पोरांना सांगितलं, "ताईचं भूत येतं, तेच सही करतं."

"पण त्या तर जिवंत आहेत ना, काका?"

"जिवंत माणसाचं भूत लय चिवट असतं, बेटा."

पोरं हसली. पण दुसऱ्या दिवसापासून खुर्चीसमोर चहाचा कप ठेवू लागली. तो चहा मीच प्यायचो. म्हणजे सुरुवातीला. नंतर नंतर मी पोचायच्या आधीच कप रिकामा असायचा.

सुट्टीवर निघालो त्या दिवशी टेबलावर सह्या करून ठेवलेल्या कोऱ्या कार्डांची चळत होती. त्यातलं एक ताईला गंमत म्हणून उचलून आणलं. वाटलं, हसेल.

ती ओरडून दमली आणि ताडपत्रीच्या काठावर बसली. डोळे मिटले. सोयाबीनखालच्या ताडपत्रीवरून तळहात सावकाश फिरवू लागली.

"लाल पिशव्या किती हायेत?"

"सहा."

"मोज."

"अवं, इथून कशा मोजू?"

"डोये मिट अन् मोज. येताना टेबल पाह्यलं ना तुनं?"

मी डोळे मिटले. टेबल दिसलं. कात्री. हूक. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचवीच्या शेजारी पिशवीएवढी जागा मोकळी. परत मोजल्या.

"पाच."

"तुनं माहं नाव लिवलं, त्या दिवशी मोजलं होतं?"

चिमण्या परत आल्या होत्या. दाणे टिपल्याचा आवाज येत होता.

"नाई, ताई."

"लाव फोन. आत्ताच्या आत्ता."

तिथल्या सुपरवायझर साहेबांना फोन लावला, स्पीकरवर. जन्मात पहिल्यांदा मी एक अक्षरही फुगवलं नाही. "साहेब, ताईंची सही मी केली. एका गठ्ठ्यावर. बाकीच्या कोणी केल्या माहीत नाही. मोजलं नव्हतं. एक वजनाची पिशवी कमी आहे, कुठल्यातरी घडीत गेलीय. गेलेला सगळा माल परत मागवा."

"परवा तर तुम्ही पोरांना सांगत होता, भूत करतं."

"ते मी फेकत होतो, साहेब."

"आणि आज?"

ताईनं फोन हिसकावला.

"साहेब, मी सोता बोलून राह्यली. चार महिने झाले, मी केनवडले हावो. मी एकाबी कार्डावर सही केली नाई. पोरं उड्या मारतीन त्याच्यातून. थे गठ्ठे उघडा. तुमच्या पाया पडतो."

पलीकडं कार्डं चाळल्याचा आवाज आला.

"सही तर तुमचीच आहे, ताई. तुमच्या सहीचा माल आपण कधी उघडत नाही."