नानांची शेव, चाचांची शेव

शेव तोंडात टाकण्याआधी दादा ती नाकाशी धरत, डोळे मिटत आणि आम्हाला हातानेच थांबवत. “घाई नको. जिभेला बोलू द्या.”

लढाईची वर्षं होती. नगरच्या एका छापखान्यात ते खिळे जुळवणारे कंपोझिटर होते, मी मुद्रितं तपासायचो. सगळे त्यांना दादा म्हणत. आमच्या गल्लीच्या वरच्या तोंडाला नानांचं फरसाणाचं दुकान, खालच्या तोंडाला चाचांचं. दुपारच्या सुट्टीत दादा दोन्हीकडच्या पुड्या आणून निकाल देत. नानांची शेव बारीक, लसणाची, तोंडात विरघळणारी. चाचांची जाड, ओव्याची, चावावी लागणारी. “नानांची शेव पाहुण्यांना द्यावी,” दादा म्हणत, “चाचांची आपण खावी.”

हे निकाल दुकानांपर्यंत पोचत. नाना ऐकून फुगून बसत. चाचा मात्र दुसऱ्या दिवशी ओवा कमी करत. असा एखादा पारखी तुमच्याही गल्लीत असेल. त्याला कुणी नेमलेलं नसतं, पण त्याचं म्हणणं कुणी मोडत नाही.

एका भाद्रपदात दादांना विषमज्वर झाला. महिन्याभराने कामावर आले तेव्हा सदरा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. तोंडाला चव यावी म्हणून मी नानांची शेव आणली. त्यांनी ती नाकाशी धरली, डोळे मिटले.

“आज लसूण छान उतरलाय.”

त्या दिवशी लसणाची शेव संपली होती. मी साधी आणली होती. माझ्या चेहऱ्यावरून त्यांनी ओळखलं असावं. नळापाशी त्यांनी मला गाठलं.

“तापात वास गेला हो. परत आलाच नाही. खारट, तिखट एवढं कळतं, बाकी सगळा भुसा. कुणाला सांगू नका.”

मी मान हलवली.

पुढे तेलाची टंचाई झाली. चाचांना नेहमीचं तेल मिळेना. कुठून तरी त्यांनी दोन डबे पैदा केले. एका दुपारी ते स्वतःच पुडी घेऊन छापखान्यात आले.

“दादा, तेल बदललंय. रोज कढईवर बसून माजं नाक मेलंय. आज लग्नघरी माल द्यायचा हाय. खवट तर लागत न्हाई ना?”

पुडी उघडताच मला वास आला. दादांनी एक शेव तोंडात टाकली आणि माझ्याकडे पाहिलं. माझा एक शब्द पुरला असता. पण त्या शब्दाने दादा चारचौघांत उघडे पडले असते. मी मुद्रितावर नजर खिळवून उभा राहिलो.

“चांगली आहे,” दादा म्हणाले. “पाठवा.”

संध्याकाळी न राहवून मी चाचांच्या दुकानी गेलो. टोपल्या घेऊन टांगा निघून गेला होता.

लग्नात शेव पानांत तशीच राहिली. मुलीच्या बापाने भर मांडवात चाचांना नाही नाही ते ऐकवलं. गिऱ्हाईक वरच्या तोंडाला सरकलं. चाचांनी दादांना त्यावरून कधी काही विचारलं नाही. चार-पाच महिन्यांत त्यांनी दुकान बंद केलं आणि देवळाली प्रवरेला लेकीकडे जायचं ठरवलं.

जायच्या आदल्या दिवशी दादा मला घेऊन त्यांच्याकडे गेले.

“चाचा, चूक माझी. मला वासच येत नाही. तापापासून.”

चाचा हसले. “माजं मन राखायला सोताला असलं काहीबाही लावून घेऊ नका, दादा.”

“खरंच सांगतायत ते,” मी म्हणालो. “मला ठाऊक होतं.”

“तुमी बी व्हय?” त्यांनी आम्हा दोघांचे हात धरले. “लई चांगली मानसं हाय तुमी.”

आम्ही पुन्हा पुन्हा सांगितलं. ते मान डोलवत राहिले, लहान मुलांचं ऐकावं तसे.

त्यानंतर दादांनी फरसाण सोडलं. विचारलं तर पित्ताचं कारण सांगत. छापखाना सुटल्यावर ते मुलाकडे केडगावला राहायला गेले. मी तिथे एकदाच गेलो. तीच शेवटची भेट.

वहिनींनी मला गरम थालीपीठ वाढलं. दादा समोर बसले होते. मी पहिला घास घेतला.

“कसं लागतंय?”

“छान आहे.”

“छान म्हणजे कसं?”

मी सांगू लागलो. भाजणी खमंग आहे, म्हणालो. धने जरा जास्त पडलेत. पुढचा शब्द काही सुचेना. दादा पुढे सरकून माझ्या तोंडाकडे बघत होते. हातातला दुसरा घास निवत चालला होता.