मे महिन्यातली चादर

नवीन पान बनवायला घेतलं की माझं पहिलं काम एकच. ब्राउझरने जे काही आपल्या मनाने दिलंय ते सगळं काढून फेकायचं. आपण ज्यातून इंटरनेट बघतो तो ब्राउझर. त्याला कुणी विचारलेलं नसतं, तरी तो पानाला चारी बाजूंनी समास सोडतो, मथळे ठळक करतो, यादीपुढे काळे ठिपके लावतो, लिंकला निळं रंगवून खाली रेघ ओढतो. नसती उठाठेव. आणि प्रत्येक ब्राउझरची उठाठेव वेगळी. म्हणून आमच्या धंद्यात आधी रीसेट टाकतात. सगळ्यांचा समास शून्य, ठिपके नाहीत, रेघा नाहीत, पाटी कोरी. मग आपल्याला पाहिजे तसं मांडायचं.

आमच्या टीमचं एक ठरलेलं रीसेट होतं. टीम पुण्यात, मी आदिलाबादकडच्या इचोड्यात, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत. ते रीसेट कुण्या सीनियरने लिहिलं होतं आणि तो केव्हाच दुसरीकडे निघून गेला होता. त्यात काय काय आहे ते आमच्यातल्या कुणीही वाचलेलं नव्हतं. दुकान उघडताना उदबत्ती लावतात ना, तसं आम्ही ते प्रत्येक कामाच्या डोक्यावर चिकटवायचो आणि पुढे जायचो.

बाबा मराठी शाळेत मास्तर होते. उटनूरकडच्या गावांमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. वहीत समास आखल्याशिवाय ते कुणाला अक्षर काढू देत नसत, मलाही नाही. नोकरी लागल्यावर मी त्यांना सांगितलं की माझ्या कामात पहिली ओळ समास शून्य करायची असते, तेव्हा ते खोखो हसले होते. "म्हंजे मी जे शिकवलं ते पुसाचा पगार भेटते तुले?" आमच्याकडे जो येईल त्याला हा किस्सा ऐकावा लागायचा. पाहुणे कंटाळले तरी बाबा कंटाळत नसत.

मग थंडीत त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, जीभ गेली. नुसता एक घशातला आवाज उरला. आदिलाबादच्या डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, वर्तमानपत्राची एक ओळ दाखवून पाहिली आणि तेलुगूत मला सांगितलं की यांना सगळं समजतं, वाचताही येतं, फक्त बाहेर काही निघत नाही. आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, तिथेच डोळ्याला पदर लावून रडायला लागली. मी गोळ्यांचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

मला रडू आलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. लोक म्हणत, पोरगी खंबीर आहे. कप्पाळ! खंबीर कसली, मला काही होतच नव्हतं. सकाळी बाबांचं अंग पुसायचं, हातपाय हलवून घ्यायचे, पातळ वरण भरवायचं, मग कानाला हेडफोन लावून पुण्याच्या मीटिंगमध्ये बसायचं. जेवणाला चव नव्हती आणि चव नाही याचं वाईटही वाटत नव्हतं. राग तेवढा येत होता. बाकी सगळं बंद पडलं होतं.

अडचण ही होती की हेडफोन लावले की बाबांचा तो आवाज मला ऐकू यायचा नाही. आत्या चुलीपाशी नाहीतर मागच्या नळावर, त्यात हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न. मोबाइल दिला तर डाव्या थरथरत्या हातातून तो खाटेखाली पडायचा. म्हणून मी जुना लॅपटॉप काढला आणि बाबांसाठी एक पान बनवलं. पानावर सात शब्द होते. पाणी, भूक, दुखतंय, पंखा, लघवी, कूस बदल, चादर. थंडीचे दिवस होते, म्हणून चादर. टॅबची कळ दाबली की पुढच्या शब्दावर जायचं, एंटर दाबलं की तो शब्द माझ्या मोबाइलमध्ये मोठ्याने बोलणार. आत्याच्या पाकिटातल्या दोन टिकल्या काढून मी त्या दोन कळांवर चिकटवल्या, टॅबवर लाल आणि एंटरवर हिरवी. बोटाने चालवायच्या चौकोनावर बाबांचा तळहात घासायचा, तिथे गोळ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा चिकटवून टाकला.

पान घाईत केलं होतं, रीसेटबिसेट काही नाही. ब्राउझरने जसं दिलं तसं ठेवलं. करड्या चौकोनात काळी अक्षरं, तहसील कचेरीच्या नोटीसीसारखं. पण चाललं! बाबा तिसऱ्या का चौथ्या खेपेला शिकले. मीटिंगमध्ये असताना माझ्या मोबाइलमधली बाई "पाणी" म्हणायची, मी जायची, बाबांना पाणीच पाहिजे असायचं. आत्या सगळ्या गल्लीला सांगत फिरली की आमचा भाऊ कंप्युटर चालवते.

ते तसंच ठेवायला काय झालं होतं? पण नाही. पान दिसायचंच इतकं कळकट की खोलीत गेलं की माझं डोकं उठायचं. दिवसभर लोकांची पानं सजवते आणि माझ्या बापाच्या पुढ्यात हे! होळीच्या सुमारास एका दुपारी मी ते नीट करायला घेतलं. आधी टीमचं रीसेट चिकटवलं. मग फिका हिरवा रंग, गोल कोपरे, मोठी ठसठशीत अक्षरं. चार-चारच्या दोन ओळी मांडल्या, तर शेवटची जागा रिकामी दिसायला लागली. तिथे काहीतरी पाहिजे म्हणून मी आठवा शब्द टाकला, "बस जरा". हौसेला मोल नसतं म्हणतात.

बाबा त्या नव्या पानाकडे पुष्कळ वेळ बघत राहिले. मला वाटलं, आवडलं.

त्यानंतर सगळं बिघडत गेलं. मोबाइल म्हणायचा "भूक" आणि मी ताट घेऊन गेले की बाबा तोंड घट्ट मिटून घ्यायचे. "पंखा" म्हणायचा आणि पंखा तर चालूच असायचा. एप्रिल लागला, ऊन तापलं, आणि बाबा चादर मागायला लागले. एकदा नाही, रोज. मी चादर न्यायची, पांघरायची, ते डाव्या हाताने ढकलून द्यायचे, मी घडी करून परत पुढच्या खोलीत यायची. थोड्या वेळाने पुन्हा "चादर". मे महिन्यात कूलरपुढेसुद्धा घामाच्या धारा लागतात आमच्याकडे आणि हे चादर मागताहेत! आत्या आता हळू बोलायला लागली. "डोक्स्यावर आलं का वो माय त्याच्या?"

दादा, माझा मोठा भाऊ, नागपुरात असतो. उंटावरून शेळ्या हाकायची त्याला सवय आहे, पण या वेळी त्याचं बोलणं मला खोडता येईना. फोन स्पीकरवर होता, बाबांच्या खाटेजवळ. "उन्हाळ्यात चादर मांगून राह्यले, म्हंजे समजणं गेलं ना आता. मग इचोडा काय आन् नागपूर काय, त्याइले काय फरक पडते? इथं चांगलं ठिकाण हाय, नर्स राहते चोवीस तास. तू बी मोकळी होशीन. मी रविवारी गाडी घेऊन येतो." मी म्हटलं, ये. बाबा वर पंख्याकडे बघत होते. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल असं बोलायला आम्हाला काही वाटेनासं झालं होतं. मलाही नाही.

त्याच आठवड्यात एका दुपारी मीटिंग चालू असताना मोबाइल ओरडला, "दुखतंय". मी हेडफोन फेकून धावले. बाबा खाटेवर टेकून बसलेले, घाम नाही, धाप नाही. छातीला हात लावून विचारलं, दुखते का जी? मान हलवून नाही. पोट? नाही. पाय? नाही. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

"मग काऊन दाबलं?" मी ओरडलेच. "बाबा, इतकं सोपं आहे हे! लहान पोराले येते! हे पाहा, पाहा इकडे. पंखा पाहिजे ना, पंखा चौथा हाय. एक, दोन, तीन, चार. झालं. आन् आता एंटर."

मी एंटर दाबलं आणि माझ्याच कमरेजवळ मोबाइलमधली बाई म्हणाली, "चादर."

चुलीकडून आत्याचा आवाज आला, "आता कोनाले पाहिजे वो चादर?"

मी पडद्याकडे पाहिलं. आठ फिके हिरवे चौकोन, सगळे सारखे, सुंदर. मी कोणत्या शब्दावर उभी आहे ते कुठेच दिसत नव्हतं. पुन्हा टॅब दाबलं. काही हललं नाही. मी चार मोजले होते, पण बाबा आधीच तिसऱ्यावर होते आणि माझे चार त्यांच्या तीनपुढे गेले. ते कितीवर आहेत हे मला कळायला काही मार्गच नव्हता. आणि त्यांनाही नव्हता.

आपण ज्या शब्दावर येतो त्याच्याभोवती ब्राउझर स्वतःहून एक जाड कड काढतो. तू इथे आहेस, एवढंच सांगायला. आमच्यासारख्या माउसवाल्यांना ती कड नकोशी वाटते. ग्राहकही म्हणतात, हे निळं काय आलंय, काढा. त्या गेलेल्या सीनियरने रीसेटमध्ये ती कधीतरी काढली असणार, सगळ्यांचीच, एका ओळीत. आउटलाइन नको. मी ती ओळ बाबांच्या डोक्यावर आणून चिकटवली आणि मग त्यांचं डोकं गेलं म्हणून दादाला गाडी आणायला सांगितली.

बाबा माझ्याकडे बघत होते. होळीपासून हा माणूस अंधारात चाचपडावं तसा मोजत बसला होता. हात थरथरला की एकाचे दोन व्हायचे आणि मोजणी वाया जायची. शेवटच्या शब्दाच्या पुढे गेलं की पान सुटून बाहेरच जायचं, म्हणून भिऊन एक अलीकडे थांबत असतील. अलीकडे चादर होती.

मी माझा लॅपटॉप आणून तिथेच खाटेच्या कडेवर टेकले आणि ती एक ओळ काढली. पान पुन्हा उघडलं. टॅब दाबलं तर पाण्याभोवती काळीनिळी, ओबडधोबड कड उठली. माझ्या सगळ्या हिरव्या नक्षीवर अगदी विशोभित. बाबांनी ती पाहिली आणि घशातून आवाज काढला, मोठ्याने. मग डावं बोट लाल टिकलीवर ठेवलं.

कड निघाली. पाण्यावरून भुकेवर, तिथून दुखण्यावर. मध्येच हात थरथरून दोन घरं गेली तर ते थांबले, बघितलं, पुढे निघाले. लघवी, कूस. चादरीवर कड आली तेव्हा मी त्यांच्या बोटाकडे पाहिलं. त्यांनी चादर ओलांडली, आठव्यावर आले आणि हिरवी टिकली दाबली.

"बस जरा," मोबाइल म्हणाला.

जागा रिकामी दिसते म्हणून टाकलेला शब्द. रोज तेवढाच मागत होते ते आणि मी रोज चादर देऊन निघून जात होते. त्या खोलीत मी थंडीपासून एकदाही नुसती बसले नव्हते. अंग पुसायला, भरवायला, औषधाला, कामापुरती. मीटिंगमधून कुणीतरी माझं नाव घेत होतं ते माझ्या लॅपटॉपमधून ऐकू येत होतं. मी उठले नाही. रडू तेव्हाही आलं नाही, खोटं कशाला सांगू. पण छातीत काहीतरी दुखलं आणि दुखलं याचं मला बरं वाटलं. त्यांनी पुन्हा तेच दाबलं, "बस जरा".

"बसली ना बाबा," मी म्हटलं. "बसली."

रविवारी दादा आला. ड्रायव्हरला बाहेर गाडी चालूच ठेवायला सांगून आत आला, उभ्या उभ्याच बाबांच्या कपड्यांची पिशवी कुठे आहे विचारायला लागला. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. फोनवर सांगितलं असतं तर त्याला खरं वाटलं नसतं. आत्या माझ्याकडे बघत होती. बाबांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मग पडद्याकडे मान वळवली. बोट हळूहळू चाललं होतं. दादा बोलतच होता, हायवेवर आदिलाबादजवळ किती ट्रक अडकलेत ते.

"बस जरा," माझा मोबाइल म्हणाला.

दादाने माझ्याकडे पाहिलं. "काय वो?"

"मी नाई," मी म्हटलं. "बाबा म्हनून राह्यले."

तो बाबांकडे वळला. बाबांचं बोट हिरव्या टिकलीवरच होतं आणि डोळे दादावर. त्यांनी आणखी एकदा दाबलं. दादा खाटेवर बसला, पायाशी, लहानपणी मार खायला बसायचा तसा. बाहेर गाडी चालूच होती. मग त्याने बाबांकडेच बघत मला विचारलं.

"याइले समजते हे कवापासून?"

"पहिल्यापासूनच," मी म्हटलं.